आकाशातला धडाका: वाचकांचे प्रश्न

निपाणीहून: सर, परवा दुपारी लागोपाठ दोनदा धडाम झालं बघा. मांडणीवरचे डबे थरथरले. सुरुंग म्हणावा तर धुरळा नाही, आकाशात विमानही दिसेना.

लागोपाठ दोन, ही सॉनिक बूमची खूण. ध्वनीपेक्षा वेगानं जाणाऱ्या विमानाच्या नाकाशी हवा एकदम दाबली जाते, शेपटीमागे दाब पुन्हा झटक्यात सावरतो. लढाऊ विमानाच्या या दोन झटक्यांत सेकंदाच्या दहाव्या भागाएवढंच अंतर असतं. बारा किलोमीटरवरून आवाज उतरायला अर्धा मिनिट तरी लागतो. तोवर विमान लांब गेलेलं असतं. 20 मे 2020 ला बेंगळुरूतही लोक असेच घाबरले होते. ते हवाई दलाचं चाचणी उड्डाण निघालं.

बेळगावची विद्यार्थिनी: आवाज कुठवर पोचेल हे कॉम्प्युटर कसं काढतो?

विमानाचा भाग त्यातल्या त्यात सोपा. खरी कसोटी हवेची. हवेचे थर पाडायचे, प्रत्येकाचं तापमान, वारा, आर्द्रता भरायची आणि ध्वनीचा एकेक किरण, म्हणजे आवाजाची वाट, त्यातून खाली सोडायचा. 11 किलोमीटरवर, उणे 56 अंशांत, ध्वनी सेकंदाला 295 मीटर जातो, जमिनीलगत 340. खाली वेग वाढत गेल्यानं किरण वर वळतो, काही तर जमिनीला न शिवताच माघारी फिरतात. ध्वनीच्या वेगाच्या जेमतेम पुढे उडणाऱ्या उंचावरच्या विमानाचा धडाका म्हणूनच खाली ऐकू येत नाही. मग किरणाच्या वाटेवर लाटेचा आकार कसा बदलतो ते सांगणारं बर्गर्सचं समीकरण सोडवायचं: जास्त दाबाचा भाग पुढे धावून लाटेला धार आणतो, हवा ती धार बोथट करते. दमट हवेत धार जास्त टिकते.

थरांची माहिती हवामान खात्याच्या फुग्यांतून मिळते. आपल्याला जवळचं केंद्र पणजी. पण ते समुद्रकाठी, आपण घाटमाथ्यावर. खालच्या थरात तिथले आकडे जसेच्या तसे भरू नका. शेवटचा किलोमीटरच सगळ्यात अवघड. उन्हानं तापलेल्या काळ्या रानावरून उठणारे लोट लाट विस्कटतात. एका शिवारात काडकन, शेजारच्या गावात नुसतं घुमल्यासारखं. त्यामुळे एकच आकडा सांगणाऱ्या मॉडेलवर माझा विश्वास बसत नाही, कमीत कमी ते जास्तीत जास्त असा पल्ला सांगावा.

खानापूरहून: आमच्या जुन्या भिंतीला तडा गेलाय, यानंच का?

बहुधा नाही. काँकॉर्ड या ध्वनीपेक्षा वेगवान प्रवासी विमानाचा झटकासुद्धा सुमारे 100 पास्कल, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबाचा हजारावा भाग. सैल काच तडकेल, सुटलेला गिलावा पडेल. तड्याच्या कडा बघा: आत धूळ, कोळ्याची जाळी असेल तर तडा जुनाच आहे.