चित्रकलेचा पर्सनल क्लास लावताय? आधी एवढं बघा

ताई, या वयात चित्रकला शिकायला पर्सनल क्लास लावावा का, असं विचारलंत ना? वय वगैरे डोक्यातून काढून टाका आधी, चाळिशीनंतर सुरू करून छान वॉटरकलर करणारे आपल्या ठाण्यातच भरपूर आहेत. एकट्याला शिकवणारे सर मिळतायत तर जरूर लावा, फक्त फी भरायच्या आधी एक ट्रायल घ्या आणि बघा की ते तुमच्याच कागदावर पेन्सिल चालवून चित्र सुधारून देतात की बाजूच्या कागदावर दाखवून तुमच्याकडून करून घेतात. दुसरे हवेत. पहिल्यांकडून घरी न्यायला चित्र मस्त मिळतं, पण हात तयार होत नाही.

तुम्हाला काय शिकायचंय तेही पहिल्याच दिवशी सांगा, पोर्ट्रेट की निसर्गचित्र, नाहीतर पर्सनल क्लासमध्येही ठरलेला सिलॅबस गळ्यात पडतो.

सामान थोडंच घ्या:
- एचबी, २बी, ६बी पेन्सिली
- साधं स्केचबुक
- वॉटरकलरला मात्र ३०० जीएसएमचाच (जीएसएम म्हणजे कागदाच्या वजनाचं माप, जास्त तेवढा कागद जाड) कागद, पातळ कागद पाण्याने फुगतो, रंग डबक्यासारखा साचतो आणि आपल्याला वाटतं आपलाच हात वाईट

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे फक्त मोबाईलमधले फोटो बघून काढणं. सकाळी तलावपाळीला जाऊन बसा, मासुंदा तलावातली बोट आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब डोळे किलकिले करून बघा, गडद कुठे, उजेड कुठे एवढंच टिपा. शेडिंग बोटाने घासू नका. रोज वीस मिनिटं पुरे, पण रोज हं. पर्स्पेक्टिव्ह (जवळचं-लांबचं दाखवणं), अॅनाटॉमी (शरीराची रचना) आत्ता नकोच. आणि बिघडलेली पानं फाडू नका, सरांना तीच आधी दाखवा, पुढे काय शिकवायचं ते त्यांना त्यातूनच कळतं.