भोरड्यांचा पांगारा आणि शेजाऱ्यांची गाडी

प्रश्न : ताई, आमच्या रो हाऊसच्या मागच्या अंगणात जुना पांगारा आहे. फेब्रुवारीपासून सकाळी उजाडलं की त्यावर साळुंकीएवढ्या पक्ष्यांची झुंबड उडते. डोकं आणि पंख काळे, अंग फिकट गुलाबी, तोंडावर पिवळट भुकटी. कलकलाट एवढा की फोनवर बोलता येत नाही. संध्याकाळी सगळे खाडीच्या दिशेने जातात. शेजाऱ्यांची गाडी खराब होते म्हणून ते झाड काढायला सांगताहेत. हे पक्षी कुठले? शेव-कुरमुरे टाकून दुसरीकडे वळवता येतील का?
— एक निवृत्त वाचक, नेरूळ

उत्तर : काका, शेव-कुरमुरे तुम्हीच खा. फरसाणातलं मीठ आणि तेल पाखरांच्या कामाचं नाही. शिवाय दाणे पडले की आधी पारवे येतील, मग त्यांना हाकलायचं कसं हे विचारायला तुम्ही पुन्हा पत्र लिहाल!

तुमच्याकडे येतात त्या भोरड्या. पुस्तकात त्यांना पळस मैना किंवा गुलाबी मैना म्हणतात. साळुंकीच्याच कुळातल्या, पण इथे घरटं करत नाहीत. पिल्लं होतात ती मध्य आशियात, कझाकस्तानच्या गवताळ माळांवर. दगडांच्या फटीत शेकडो घरटी एकत्र करायची आणि पिल्लांना टोळ-नाकतोडे भरवायचे, हा त्यांचा उन्हाळा. चीनच्या शिनजियांग प्रांतात तर टोळ आटोक्यात राहावेत म्हणून लोक यांच्यासाठी मुद्दाम दगडी घरटी बांधून देतात. टोळांचा हंगाम संपला की जुलै-ऑगस्टपासून थवे आपल्याकडे यायला लागतात. सोलापूरकडे विचारा, माच्यावर गोफण घेऊन ज्वारी राखणारा माणूस तुम्हाला यांच्याबद्दल काय ऐकवेल ते! तिथे टोळ खाणारी पाहुणी म्हणून कौतुक नाही, दाण्यावरची चोर म्हणून शिव्या.

तुमच्या अंगणात मात्र त्या येतात फुलातल्या रसासाठी. पळस, काटेसावर आणि पांगारा ही त्यांची वसंतातली खाणावळ. दुर्बीण असेल तर एकच पक्षी धरून बघा. लाल फुलात चोच खुपसून मान वर काढली की चेहरा परागकणांनी माखलेला असतो. तुम्हाला दिसलेली पिवळट भुकटी ती हीच. तसाच माखलेला तो पुढच्या झाडावर जातो आणि पांगाऱ्याचं काम होतं. थव्यात सगळे सारखे दिसणार नाहीत. मळकट तपकिरी दिसतात ती मागच्या उन्हाळ्यातली पोरं. मोठ्यांचा गुलाबी रंगसुद्धा हिवाळ्यात झाकलेला असतो. पिसांच्या मळकट कडा झिजत जातात तसा तो उघडा पडतो, म्हणून निघायच्या आधी त्या सगळ्यांत देखण्या दिसतात. मला विचाराल तर फ्लेमिंगोंच्या कौतुकात यांच्याकडे आपण दुर्लक्षच करतो.

आता शेजाऱ्यांचं. एप्रिल सरता सरता थवे निघून जातील, तोवर गाडीवर जुनी चादर टाका म्हणावं. झाड परस्पर तोडू नका. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार शहरात त्यासाठी महापालिकेची परवानगी लागते, अंगण तुमचं असलं तरी. पांगाऱ्याचं लाकूड ठिसूळ असतं हे खरं, पावसाळी वाऱ्यात फांदी कोसळू शकते. तेव्हा बहर संपला की पावसाआधी रीतसर परवानगी काढून जड फांद्या तेवढ्या उतरवून घ्या. गाडीवर येणारी फांदी गेली की निम्मं भांडण तिथेच मिटेल.

काही द्यायचंच असेल तर पाणी द्या. पसरट मातीचं भांडं, पाणी जेमतेम दीड इंच. रोज बदला आणि कडा आतून घासा, कारण डेंग्यूच्या डासाची अंडी कडांनाच चिकटलेली असतात. भोरड्या गेल्या तरी त्यावर दयाळ, बुलबुल येतील.

प्रश्न : एसीच्या बाजूच्या भोकातून साळुंकीचं पिल्लू खाली पडलं आहे. मुलगी म्हणते, पिंजऱ्यात ठेवून वाढवू. काय करावं?
— घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : पिंजरा नको. रानपक्षी पाळणं 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, हे मुलीलाही सांगा. अंगावर पिसं असून पिल्लू टुणटुणत असेल, तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर पोचणार नाही अशा झुडपात ठेवा आणि लांबून बघा, आई-बाप खाली येऊन भरवतात. उघडंबोडकं असेल तर हाताने उचलून घरट्यात परत ठेवा. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, ही ऐकीव गोष्ट आहे. तोंडात दूध-पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जातं. जखमी असेल तर भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात ठेवून वन विभागाच्या 1926 वर फोन लावा.