पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत, हे घरी कसं सांगू?

प्रश्न : मी सोलापुरात बारावी सायन्सला आहे, सीईटीचा, म्हणजे इंजिनिअरिंगच्या राज्य प्रवेश परीक्षेचा, क्लास लावला आहे. पप्पा यंत्रमागावर काम करतात, अम्मा विड्या वळते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. क्लासचा मेसेज इंग्रजीत येतो, तो मीच वाचून दाखवते. जुलैच्या टेस्टला ६२ पर्सेंटाइल आले. पप्पा म्हणाले, "बासष्ट टक्के? म्हणजे फर्स्ट क्लास!" मी गप्प बसले. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयांच्या रथोत्सवात त्यांनी सगळ्या पाहुण्यांना सांगून टाकलं, की पोरगी कॉम्प्युटर इंजिनिअर होणार. खरे मार्क २०० पैकी ७४ आहेत. आमच्या बॅचला ४५ मुलं आहेत. आता घरी काय सांगू?

उत्तर : जे आहे ते सांग, आणि दिवाळीच्या आत सांग. जितके दिवस जातील तितकी पाहुण्यांची संख्या वाढेल.

पप्पांचं यात काही चुकलेलं नाही. बासष्ट ऐकल्यावर कुणीही टक्केच समजणार. ६२ पर्सेंटाइलचा अर्थ एवढाच, की परीक्षेला बसलेल्यांपैकी ६२ टक्के मुलांना तुझ्याइतके किंवा तुझ्यापेक्षा कमी मार्क पडले. पेपर किती सोडवता आला, हे त्यातून कळतच नाही. शिवाय हा आकडा ४५ जणांतला आहे. तिथे एक मुलगा पुढे-मागे झाला की दोन पर्सेंटाइल हलतात. दोन हुशार पोरं त्या दिवशी गावाला गेली असती तर तुझा आकडा वाढला असता आणि मार्क तेच राहिले असते. खऱ्या सीईटीचं पर्सेंटाइल राज्यभरातल्या लाखो मुलांतून निघतं. म्हणून क्लासचं पर्सेंटाइल घरी न्यायचंच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. घरी मार्क न्यावेत.

मार्कही नुसते नाहीत. तुझी गणिताची उत्तरपत्रिका मी पाहिली. ५० प्रश्नांपैकी ३० सोडवलेस, १८ बरोबर, १२ चूक, २० कोरे. प्रत्येकी दोन मार्क, म्हणून १०० पैकी ३६. फिजिक्स ५० पैकी १७, केमिस्ट्री २१. (एक गोष्ट जाता जाता : सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही. वीस प्रश्न कोरे सोडून उठणं हा निव्वळ तोटा आहे. शेवटची तीन-चार मिनिटं राखून ठेव आणि उरलेल्या प्रश्नांना एकेक पर्याय निवडून टाक.) कोरे सोडलेले बहुतेक प्रश्न इंटिग्रेशन आणि प्रोबॅबिलिटीचे आहेत, जे जुलैपर्यंत क्लासमध्ये शिकवलेच नव्हते. तेव्हा त्या कोऱ्या प्रश्नांचा अर्थ वेगळा आणि चुकलेल्या बारांचा वेगळा. पहिल्याला वेळ लागेल, दुसऱ्याला सराव. ७४ या आकड्यात हे दोन्ही दडून बसतं. पप्पांना हाच फरक कळायला हवा.

तो कळायला त्यांना गणित यायची गरज नाही. अम्मा हजार विड्या वळून नेते, तेव्हा कारखान्यात काही बाजूला काढतात आणि मजुरी उरलेल्यांचीच मिळते. तुझ्या घरात हा हिशोब रोजचा आहे. उत्तरपत्रिका जमिनीवर पसर, बरोबर उत्तरांवर हिरवी, चुकलेल्यांवर लाल खूण कर आणि तेलुगूतच सांग. सुट्टीच्या दिवशी, जेवणानंतर. पप्पा पाळी करून थकून आलेत, अशा वेळी नको.

सुरुवात अशी कर : "पप्पा, जुलैमध्ये बासष्ट म्हटलं होतं ते टक्के नव्हते. तुम्ही टक्के समजलात आणि मी बोलले नाही. मार्क दोनशेपैकी चौऱ्याहत्तर आहेत, म्हणजे सदतीस टक्के." इथे थांब. लगेच "पण सर म्हणाले..." असं सुरू करू नकोस. ते चिडतील, कदाचित पाहुण्यांसमोर मान खाली जाईल म्हणून जास्त चिडतील. चिडू दे. मग कागद दाखव, कोणते धडे व्हायचे आहेत ते सांग आणि पुढच्या टेस्टला गणितात किती आणायचे ठरवलंयस तेही सांग. आकडा झेपेल असाच सांग. ३६ वरून ५० म्हणालीस तर ठीक, ९० म्हणालीस तर परत तेच नाटक.

बोर्डाचं वेगळं सांगावं लागेल. फिजिक्स-केमिस्ट्रीला ७० लेखी आणि ३० प्रॅक्टिकल, गणिताला ८० आणि २०. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाला या तीन विषयांत मिळून खुल्या वर्गाला किमान ४५ टक्के, राखीव वर्गाला ४० टक्के लागतात. कॉलेज आणि शाखा मात्र सीईटीच्या पर्सेंटाइलवर ठरते. पप्पांना एवढंच पुरे : बोर्डात पास होऊन ती अट पूर्ण करायची, नंबर सीईटीत लावायचा. कॉम्प्युटर मिळेल की नाही, ते जुलैच्या टेस्टवरून मीसुद्धा सांगणार नाही. त्यांच्या मनातल्या कॉलेजचा गेल्या वर्षीचा कटऑफ (प्रवेश मिळालेल्या शेवटच्या मुलाचं पर्सेंटाइल) परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलच्या यादीत तुमच्या प्रवर्गापुढे बघा, दोघांनी मिळून.

क्लासच्या सरांशी बोल. स्वतःच्या निकालाची दुभाषी तूच, ही जागा अवघड आहे आणि सोयीचीही आहे, हे तुलाही माहीत आहे. म्हणून ती सोड. महिन्यातून एकदा पप्पांच्या मोबाइलवर मराठीत व्हॉइस मेसेज पाठवा, अशी विनंती कर : मार्क किती, आधी किती होते, कुठल्या धड्यात अडते. दीड मिनिटाचं काम आहे. पालकसभा दुपारी ठेवून "पालक येतच नाहीत" म्हणणारे क्लास मी बरेच पाहिलेत. पाळी बुडवली की मजुरी बुडते, हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

आणि पप्पांना नुसतं ऐकायला बसवू नकोस, काम दे. कॅप फेरीतून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या इतर मागास, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना, घरचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर, २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ आहे. पण कागद नसतील तर सवलत नाही. जात वैधतेचा, म्हणजे जातीचा दाखला तपासून घेण्याचा, अर्ज बारावीतच कॉलेजमार्फत करायचा असतो. इतर मागास किंवा विशेष मागास प्रवर्गात असाल, तर कुटुंब १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीपासून महाराष्ट्रात असल्याचा पुरावा मागतात. तेलंगणातून आलेल्या घरांची गाडी बहुतेक इथेच अडते. आजोबांचा शाळेचा दाखला, नाहीतर गिरणीतली जुनी नोंद कुणाच्या घरी आहे, हे तुला माहीत नसणार, पप्पांना असेल. ज्या पाहुण्यांना त्यांनी रथोत्सवात सांगितलं, त्यांच्यापैकीच कुणाकडे तरी ती निघेल.