कॅमेरा कुठं होता?
वाचकांचे प्रश्न : साहसी माहितीपट आणि काही आवडते चित्रपट

साहसी माहितीपटांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न इथं घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रं बरीच होती, ती एकत्र केली आहेत.

प्र. आमच्या वाचनालयात पावसाळ्यात दर शनिवारी संध्याकाळी एक साहसी माहितीपट दाखवायचा बेत आहे. सहा शनिवार हाताशी आहेत. येणारे बहुतेक पन्नाशीपुढचे आणि गिर्यारोहणाचा गंध नसलेले. सुरुवात कशानं करावी? (फोंडा)

डोंगरानं करू नका. पहिल्या शनिवारी ‘मॅन ऑन वायर’ (२००८) लावा. फिलिप पेती या फ्रेंच डोंबाऱ्यानं ७ ऑगस्ट १९७४ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांमध्ये, कुणाची परवानगी न घेता, तार बांधून तिच्यावर पाऊण तास येरझाऱ्या घातल्या, त्याची ही गोष्ट. दरोड्याचा कट उलगडावा तशी ती पुढं सरकते, त्यामुळं तांत्रिक काही माहीत असावं लागत नाही. एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर पोलादी तार नेली कशी, तेवढा भाग नीट पाहायला सांगा. आधी धनुष्यबाणानं गळाची बारीक दोरी पलीकडं मारली, तिला बांधून जाड दोरी ओढली, तिला आणखी जाड, आणि शेवटी तार. आणि गंमत अशी की प्रत्यक्ष चालण्याचं एक सेकंदाचंही चलच्चित्रण या माहितीपटात नाही. आहेत ते नुसते फोटो. तरी सभागृह श्वास रोखून बसतं.

दुसऱ्या शनिवारी ‘मेरू’ (२०१५). हा डोंगर आपला, उत्तराखंडातल्या गंगोत्रीच्या वरचा. कॉनराड अँकर, जिमी चिन आणि रेनन ओझटर्क हे तिघं २००८ साली शिखर अवघं शंभरेक मीटर उरलं असताना माघारी फिरले आणि २०११ साली पुन्हा जाऊन वर पोचले. पहिल्या खेपेला सात दिवसांची शिधासामग्री वीस दिवस पुरवावी लागली. सुरू करण्याआधी दोन मिनिटं घेऊन एक शब्द समजावून द्या : पोर्टालेज. म्हणजे उभ्या कड्याला टांगलेली, वर तंबूचं कापड असलेली खाट. रात्री हे तिघं तिच्यावर झोपतात. हे माहीत नसेल तर अर्धा माहितीपट ‘हे लोक नेमके बसलेत कुठं?’ यातच जातो.

तिसऱ्याला ‘फ्री सोलो’ (२०१८), चौथ्याला ‘शेर्पा’ (२०१५), पाचव्याला ‘टचिंग द व्हॉइड’ (२००३), सहाव्याला ‘द रेस्क्यू’ (२०२१). ‘शेर्पा’ मध्येच घालण्यामागं कारण आहे. पहिल्या तिन्हींत जिद्द मोजक्यांची, आणि ती आपल्याला आवडायला लागलेली असते. ‘शेर्पा’ विचारतो, तुमच्या जिद्दीचं ओझं वाहतंय कोण? चित्रण करणारी मंडळी एव्हरेस्टचा मोसम शेर्पांच्या बाजूनं टिपायला गेली होती. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या वाटेवरच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ जण गेले आणि माहितीपटाचा विषयच बदलला. त्या रात्री चहाच्या वेळी वाद होईल. होऊ द्या.

प्र. ‘फ्री सोलो’त तो माणूस दोराशिवाय चढतो आणि कॅमेरा त्याच्या शेजारीच! हे खरं असतं की नंतर जुळवलेलं? (मडगाव)

खरं आहे. ॲलेक्स होनॉल्डनं ३ जून २०१७ रोजी अमेरिकेतल्या योसेमिटीमधल्या एल कॅपिटानचा सुमारे ९०० मीटरचा कडा दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला. चित्रण करणारे स्वतः पट्टीचे गिर्यारोहक होते. ते मात्र दोरावर लटकलेले, आणि त्यांच्या जागा आधी महिनोन्महिने तालमी करून ठरवलेल्या. वाटेतला सगळ्यात अवघड टप्पा ‘बोल्डर प्रॉब्लेम’ या नावानं ओळखला जातो. तिथं माणूस ठेवलाच नाही. लांबून चालवायचे कॅमेरे बसवले. कारण साधं आहे : वरून एक खडा निसटला, दोर हलला किंवा नुसती नजरानजर झाली, तरी चढणाऱ्याचं चित्त ढळू शकतं. खालून लांब पल्ल्याच्या भिंगातून टिपणारा एक कॅमेरावाला मधूनच तोंड फिरवतो, ते दृश्य चुकवू नका. कड्यावर काय चाललंय याचा सगळ्यात खरा अंदाज त्याच्या पाठीवरून येतो. २०१६ च्या शरदातला, अंधारात सुरू करून अर्ध्यावर सोडून दिलेला प्रयत्नही यात आहे. हा माणूस ‘आज नको’ म्हणू शकतो, हे तिथं कळतं.

हाच प्रश्न प्रत्येक साहसी माहितीपटाला विचारत जा : कॅमेरा कुठं होता आणि तो कुणाच्या हातात होता? ‘टचिंग द व्हॉइड’मध्ये घटनास्थळी कॅमेरा नव्हताच. १९८५ साली पेरूतल्या सिउला ग्रांदे शिखरावरून उतरताना जो सिम्पसनचा पाय मोडला. सायमन येट्स त्याला दोरानं खाली सोडत होता आणि शेवटी त्यालाच तो दोर कापावा लागला. पडद्यावर दिसतात ते नट. बोलतात ते मात्र खरे सिम्पसन आणि येट्स. दोघंही समोर बसून बोलताहेत म्हणजे दोघंही वाचले, हे पहिल्या मिनिटाला कळतं. तरीही पोटात गोळा येतो, ही दिग्दर्शकाची करामत.

‘द रेस्क्यू’ दोन्हींच्या मधला. थायलंडच्या थाम लुआंग गुहेत २३ जून २०१८ रोजी १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले. २ जुलैला सापडले, १० जुलैपर्यंत सगळे बाहेर आले. गुहेच्या तोंडाशी आणि आत थाई नौदलानं केलेलं चित्रण खरं आहे. पाण्याखालची सुटका मात्र त्याच पाणबुड्यांकडून नंतर पुन्हा करवून घेतली आहे, कारण मूळच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हात दिसत नव्हता, तिथं कॅमेऱ्याला काय दिसणार? मुलांना भूल देऊन, हात बांधून, तोंडभर मुखवटा लावून सामानासारखं बाहेर काढलं. जागं मूल पाण्याखाली घाबरून हातपाय झाडेल आणि स्वतःबरोबर पाणबुड्यालाही बुडवील, ही धास्ती होती. मुलं स्वतः फारशी बोलत नाहीत असं वाटेल. त्यांच्या कहाणीचे हक्क दुसऱ्या कंपनीकडं गेले होते.

प्र. डोंगर पुरे. समुद्रावरचं सांगा, आणि गोव्याशी नातं असलेलं असेल तर आणखी बरं. (वास्को)

नातं आहे, तेही घट्ट. नौदलाची ‘तारिणी’ ही शिडाची नौका दिवाडी बेटावरच्या गोदीत बांधली गेली. १० सप्टेंबर २०१७ रोजी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली सहा महिला अधिकारी तिच्यातून गोव्याहून निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ रोजी, गोव्यालाच परतल्या. नॅशनल जिओग्राफिकचा ‘तारिणी’ हा माहितीपट त्याच सफरीवर आहे. पाहण्याआधी पृथ्वीप्रदक्षिणेचे नियम माहीत असू द्या : ज्या बंदरातून निघाला तिथंच परतायचं, सगळी रेखावृत्तं ओलांडायची, विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, सुएझ-पनामासारखा कालवा वापरायचा नाही आणि निदान २१,६०० सागरी मैल कापायचे. हा आकडा उगाच नाही. वर्तुळाचे ३६० अंश, प्रत्येक अंशाच्या ६० कला, आणि विषुववृत्तावरची एक कला म्हणजे साधारण एक सागरी मैल.

त्याला जोडून ‘डीप वॉटर’ (२००६) पाहा. १९६८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्यानं, कुठंही न थांबता जगप्रदक्षिणा करायची होती. डोनल्ड क्रोहर्स्ट हा हौशी नाविक अर्धवट तयारीच्या नौकेतून, मुदतीच्या शेवटच्या दिवशी, ३१ ऑक्टोबरला निघाला. नौका दक्षिण महासागरात टिकणार नाही हे ध्यानात आल्यावर तो अटलांटिकमध्येच रेंगाळत राहिला आणि रेडिओवरून खोटी स्थानं कळवू लागला. जुलै १९६९ मध्ये नौका सापडली, तो नाही. त्याच्याकडं चित्रणाचा कॅमेरा आणि टेपरेकॉर्डर दिलेला होता. ते चित्रण आणि तो आवाज माहितीपटात आहे. कॅमेऱ्यासमोर हसणारा माणूस आतून खचत चाललाय, हे पाहणं सोपं नाही. शर्यत जिंकली रॉबिन नॉक्स-जॉन्स्टननं, ३१२ दिवसांत. त्याची ३२ फुटी ‘सुहैली’ सागवानाची आणि बांधलेली मुंबईत. २०१८ साली त्याच शर्यतीच्या नव्या आवृत्तीत भारतीय नाविक अभिलाष टॉमी ज्या ‘थुरिया’तून उतरले, ती ‘सुहैली’ची प्रतिकृती. ती बांधली गेली गोव्यात.

एक सूचना. समुद्रावरच्या चित्रणात लाटा नेहमी बुटक्या दिसतात. नौकेवरचे कॅमेरे रुंद कोनाच्या भिंगाचे असतात आणि त्या भिंगातून दूरचं सगळं आणखी लहान होतं. लाटेकडं न पाहता मागं क्षितिज दिसतंय का ते पाहा. नौका दोन लाटांमधल्या खळग्यात उतरल्यावर चारी बाजूंनी नुसतं पाणीच दिसलं, तर लाट डोलकाठीच्या खालच्या भागाएवढी तरी आहे असं समजा.

प्र. चवथीच्या सुट्टीत ९ आणि १३ वर्षांच्या मुलांना काय दाखवावं? (साखळी)

दोघांना मिळून ‘माय ऑक्टोपस टीचर’ (२०२०). दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावरचं समुद्री शेवाळाचं रान, आणि एक अष्टपाद मादी. शार्क तिचा एक पाय तोडतो, तिथं धाकटं रडेल. पाय पुन्हा उगवतो हे आधीच सांगून ठेवा. थोरल्यासाठी ‘मेडनट्रिप’ (२०१३). लॉरा डेकर या डच मुलीनं एकटीनं प्रदक्षिणा करून जानेवारी २०१२ मध्ये ती पुरी केली, तेव्हा ती १६ वर्षांची होती. बरंचसं चित्रण तिचं तिनंच केलेलं. ती घरच्यांवर, बातमीदारांवर वैतागते, ते तेराव्या वर्षी फार पटतं.

‘ग्रिझली मॅन’, ‘द अल्पिनिस्ट’ आणि ‘द डीपेस्ट ब्रेथ’ मुलांना नकोत. तिन्ही उत्तम आहेत आणि तिन्हींत मृत्यू आहे. तिसऱ्याबद्दल जरा जास्त बोलायला हवं, कारण तो श्वास रोखून खोल बुडी मारणाऱ्यांवर आहे आणि मुलं दुसऱ्या दिवशी झरीवर नाहीतर विहिरीत तेच करून पाहतात. श्वास घ्यावासा वाटतो तो प्राणवायू संपला म्हणून नव्हे, कार्बन डायऑक्साइड वाढला म्हणून. बुडी मारण्याआधी भराभर मोठे श्वास घेतले की कार्बन डायऑक्साइड उतरतो, प्राणवायू मात्र फारसा वाढत नाही. मग गुदमरल्याची जाणीव उशिरा होते आणि तिच्याआधीच शुद्ध हरपते. हातपाय मारणं नाही, ओरडणं नाही. काठावरच्यांना वाटतं, पोरगं अजून पाण्याखाली मजेत आहे. चांगलं पोहता येणारी मुलंच यात सापडतात. मोठ्यांनी हा माहितीपट पाहावा आणि मुलांना एवढं सांगावं.

प्र. सभामंडपात प्रोजेक्टर लावतो. चित्र फिकट दिसतं, आवाज ओठांच्या मागून येतो आणि परवा तर आवाज चालू, पडदा काळा! (पेडणे)

तीन वेगळी दुखणी आहेत.

फिकट चित्र : स्वस्त प्रोजेक्टरच्या खोक्यावरचे हजारो ल्युमेन मनावर घेऊ नका. ‘एएनएसआय ल्युमेन’ (उजेडाचं प्रमाणित माप) असा आकडा शोधा. उघड्या मंडपात बाहेरचा उजेड येत असेल तर तो निदान ३००० हवा, नाहीतर काळोख पडेपर्यंत थांबा. पडदा म्हणून चादर लावली असेल तर बराच उजेड आरपार जातो. मागं काळं कापड लावा किंवा सरळ पांढऱ्या भिंतीवर दाखवा. प्रोजेक्टरचा थ्रो रेशो (पडद्यापासूनचं अंतर भागिले चित्राची रुंदी) १.५ असेल तर २ मीटर रुंद चित्रासाठी तो ३ मीटरवर ठेवावा लागतो. चित्र तिरकं पडलं की बटणानं सरळ करायचा मोह आवरा, त्यात चित्राची धार जाते. टेबल उंच करा. लोक खुर्च्यांवर असतील तर चित्राची खालची कड जमिनीपासून ४ फुटांवर ठेवा, सतरंजीवर असतील तर ३ फूट चालतील. नाहीतर खालच्या ओळी (सबटायटल्स) मागच्यांना दिसणारच नाहीत, आणि या माहितीपटांत सगळं त्या ओळींवर अवलंबून असतं.

मागून येणारा आवाज : ब्लूटूथ स्पीकर काढा. अँप्लिफायरला वायर जोडा. वायर नसेल आणि लॅपटॉपवरच्या व्हीएलसी या प्लेअरवर लावत असाल तर ‘जे’ आणि ‘के’ या कळांनी आवाज ५० मिलिसेकंदांच्या टप्प्यानं मागंपुढं होतो. ‘जी’ आणि ‘एच’ खालच्या ओळींसाठी.

काळा पडदा : बहुधा मोबाइलचा पडदा जसाच्या तसा दाखवला असेल, किंवा मध्ये जुना व्हीजीए जोड असेल. ओटीटी सेवा नक्कल होऊ नये म्हणून अशा वाटेनं चित्र सोडत नाहीत, आवाज तेवढा सोडतात. लॅपटॉपपासून प्रोजेक्टरपर्यंत एकच सलग एचडीएमआय वायर टाका.

वीज गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरचा पंखाही थांबतो आणि तापलेला दिवा लवकर मरतो. छोटा यूपीएस पाच मिनिटं चालला तरी पंखा दिवा थंड करून घेतो. वीज आल्याआल्या लगेच पुन्हा चालू करू नका.

न विचारलेलं एक : घरची ओटीटी वर्गणी घरापुरतीच असते. मंडपात दाखवायचं तर हक्क असणाऱ्यांना लिहून परवानगी घ्या. संस्थेचं नाव, तारीख, अंदाजे प्रेक्षक आणि तिकीट नाही हे स्पष्ट लिहा. भारतीय माहितीपटकारांना थेट लिहिणं सोपं पडतं.

प्र. इफ्फीत, म्हणजे गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, माहितीपट हाती लागत नाहीत. (पणजी)

भारतीय चित्रपटांच्या ‘इंडियन पॅनोरमा’मधल्या नॉन-फीचर, म्हणजे माहितीपट-लघुपटांच्या, विभागात शोधा. हे लघुपट अनेकदा मोठ्या चित्रपटाच्या आधी, त्याच खेळात दाखवले जातात. वेळापत्रकात ठळक नाव मोठ्या चित्रपटाचं असतं, म्हणून नजरेतून सुटतात. दुसऱ्या दिवसाचं आरक्षण उघडल्याबरोबर करा. नाही मिळालं तर रांगेत उभं राहा, न आलेल्यांच्या जागा त्या रांगेला मिळतात. पणजीतला एक खेळ संपवून पर्वरीचा गाठायचा तर मध्ये तासाभराची फट ठेवा. नोव्हेंबरातला मांडवी पूल कुणासाठी थांबत नाही.

प्र. ‘१४ पीक्स’ पाहू का? (काणकोण)

आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांच्या चढाईचा हा माहितीपट. पाहा, पण ‘शेर्पा’नंतर. वेग भन्नाट, शंका कमी.

प्र. मराठी-कोंकणीतलं काहीच नाही का? (डिचोली)

माहितीपट नव्हेत, पण याच मालिकेत बसतील असे दोन. ‘पलतडचो मुनिस’ (२००९) हा लक्ष्मीकांत शेटगांवकरांचा कोंकणी चित्रपट. रानातला एकटा वनरक्षक आणि त्याला सापडलेली वेडसर बाई. टोरोंटोत समीक्षकांचं पारितोषिक मिळालेला, संथ, आणि त्या संथपणाची सवय व्हायला वीस मिनिटं द्यावी लागतात. दुसरा परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९). दादासाहेब फाळक्यांनी पहिला कथापट काढण्याआधी, कुंडीतल्या वाटाण्याचा कोंब कसा वाढतो याचं चित्रण केलं होतं आणि भांडवल मिळवण्यासाठी तेच लोकांना दाखवलं होतं. चित्रपटात तो प्रसंग आहे. तिथं कॅमेरा कुठं होता ते कुणी विचारलं तर सांगा : कुंडीसमोर, दिवसेंदिवस, एकाच जागी.