गमावलं तरी धन कसं?

प्रश्न : आमचं वावर दर्यापूर तालुक्यात, खारपाणपट्ट्यात आहे. मुलगी नववीत शिकते. सोडियम एक इलेक्ट्रॉन गमावतो आणि धन आयन होतो, असं तिच्या पुस्तकात आहे. ती म्हणते, "आई, गमावलं त उणं व्हायले पाहिजे न?" मले काही सांगता आलं नाही. आमच्या जमिनीतही सोडियम आहे म्हणतात, जिप्सम टाका म्हणतात. तो हाच सोडियम का?
— एक शेतकरी आई, जि. अमरावती

उत्तर : हो ताई, तोच. आणि मुलीची शंका अगदी रास्त आहे. याच पट्ट्यात मी विज्ञान शिकवलं. दरवर्षी एखादं तरी लेकरू इथंच अडायचं. मग मी टेबलावर तुरीचे अकरा दाणे आणि अकरा सरक्या मांडायचो. तूर म्हणजे सोडियमच्या अणूच्या केंद्रकातले प्रोटॉन, धन प्रभाराचे. सरकी म्हणजे भोवतालचे इलेक्ट्रॉन, ऋण प्रभाराचे. अकराला अकरा, फिटंफाट. आता एक सरकी उचला. तूर अकराच, सरकी दहा. धन एकानं वरचढ. असा प्रभार चढलेला अणू म्हणजे आयन. ऋण म्हणजे कर्ज, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. सोडियमनं गमावलं ते ऋणच!

इलेक्ट्रॉनला ऋण ठरवलं ते मात्र योगायोगानं. विजेच्या प्रभारांना धन-ऋण ही नावं बेंजामिन फ्रँकलिननं अठराव्या शतकात दिली. इलेक्ट्रॉन सापडला 1897 मध्ये, जे. जे. थॉमसनला, आणि तो ऋण बाजूचा निघाला.

सोडियमच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी 2, 8, 1 अशी असते. शेवटचा एकटा सहज सुटतो. क्लोरीनच्या बाहेरच्या कवचात सात असतात, तो एक घेतो आणि ऋण आयन होतो. सोडियम धातूचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो; तोच एक इलेक्ट्रॉन देऊन बसला की मिठात शांतपणे राहतो. फरक एका सरकीचा.

आता तुमचं वावर. काळ्या मातीचे बारीक कण ऋण प्रभाराचे असतात, त्यामुळे धन आयन त्यांना चिकटून राहतात. कॅल्शियमचा आयन दोन इलेक्ट्रॉन देऊन आलेला, त्याची पकड दुप्पट प्रभाराची. तो कणांना जवळ आणून त्यांची ढेकळी बांधतो. सोडियमचा प्रभार एकच, शिवाय भोवती पाण्याचा जाड वेढा. तो जास्त झाला की पावसाच्या पाण्यात कण सुटे होतात, भेगा-छिद्रं बुजतात, पाणी मुरत नाही. चिखल पायाला कसा चिकटतो, ते तुम्ही जाणताच.

मुलीला घरी करून पाहू द्या. दोन काचेच्या ग्लासांत पावसाचं पाणी घ्या, दोन्हींत वावरातली चमचाभर माती ढवळा, एकात चिमूटभर जिप्समही टाका, त्यात कॅल्शियम असतो. जमिनीत सोडियम जास्त असेल तर साधा ग्लास दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसेल; जिप्समच्या ग्लासात गाळ खाली बसून वर पाणी निवळलेलं असेल. माठातलं गढूळ पाणी तुरटीनं निवळतं ते असंच. तिच्यातल्या ॲल्युमिनियमच्या आयनावर तर तीन धन प्रभार असतात.

वावरात मात्र ग्लासाइतकं सोपं नाही. जिप्सममधला कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, पण सुटलेला सोडियम पाण्यात विरघळून तिथंच राहतो. तो पावसासोबत वावराबाहेर गेला पाहिजे. म्हणून आधी माती तपासून जिप्सम किती लागतं ते विचारा, आणि मृगाच्या आत धुऱ्याकडेचा चर उपसून घ्या.