लस दिल्यानंतर मुलाचा पाय लुळा पडला, सोलापुरात नुकसानभरपाईसाठी कुठे दाद मागायची?

ताई, तुमच्या दीड वर्षाच्या मुलाला खासगी दवाखान्यात लस दिली, दुसऱ्या दिवसापासून डावा पाय लुळा पडला आणि दवाखाना 'लसीचा काही संबंध नाही' म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. किती दिवस झाले ते मात्र लिहिलेलं नाही. १४ दिवस उलटले नसतील तर बाकीचं नंतर वाचा, आधी मुलाला सरकारी दवाखान्यात न्या. १५ वर्षांखालच्या मुलाचा पाय असा अचानक लुळा पडला की पोलिओ नाही ना हे पाहायला शौचाचे दोन नमुने घेतात, एका दिवसाच्या अंतराने, १४ दिवसांच्या आत. तो अहवाल पुढे तुमच्या केसलाही लागेल.

हे सगळं मी माझ्या भाचीपायी शिकलो. बहीण विडी घरकुलात राहते, विड्या वळते. जानेवारी २०२१ मध्ये पोरीला डीपीटीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरच्या लसीचा) बूस्टर, म्हणजे पुढचा डोस, एका खासगी दवाखान्यात दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आतल्या खोलीतून आली ती पायरी चढल्यासारखा गुडघा उंच उचलत, आणि डाव्या पायातलं पैंजण फरशीला घासत होतं. आठवड्याभरात त्या पायाच्या अंगठ्यावरचं कातडं सोलून निघालं. आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो की लस बाधली. लस बाधली नव्हती. सुई कुल्ल्यावर टोचली होती आणि तिथून पायात उतरणाऱ्या मोठ्या नसेला लागली होती. या वयात ही लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात, ते त्यासाठीच.

म्हणून तुम्हीही आधी याचाच छडा लावा: लस बाधली, सुई चुकली, की तिसराच आजार नेमका त्याच दिवसांत उपटला? तिसरं निघालं तर भरपाई विसरा आणि उपचाराला लागा, कारण मुलाचा पाय आधी. सुई चुकली असेल तर दवाखान्याचा निष्काळजीपणा. लसच सदोष असेल तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात उत्पादकावरही जबाबदारी आहे, पण तिथे सिद्ध करणं फार जड जातं.

छडा लावायचा तर कागद हवेत. लसीकरणाचं कार्ड, बिल, लसीचा बॅच नंबर, आणि सुई नेमकी कुठे दिली याची नोंद. दवाखान्याला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यावे लागतात. आमच्या कार्डावर फक्त 'बूस्टर' आणि तारीख होती. सुईची जागा सापडली ती तिसऱ्या दिवशी दाखवलेल्या दुसऱ्या डॉक्टरांच्या केसपेपरवर, 'डाव्या कुल्ल्यावर सुईची खूण' अशा एका ओळीत. त्या ओळीवर आमची केस उभी राहिली. तुमच्या मुलाच्या अंगावर खूण अजून दिसत असेल तर आजच फोटो काढा आणि डॉक्टरांकडून लिहून घ्या. नसेची विजेवरची तपासणीही करावी लागेल. ती तीन आठवड्यांनी केली तर जास्त नेमकं कळतं.

सोबत जिल्हा लसीकरण अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. लसीनंतरच्या गंभीर त्रासाची चौकशी करून कारण ठरवायला सरकारची समिती असते, आणि 'देण्यातली चूक' असा वेगळा प्रकारच त्यांच्या यादीत आहे. निष्कर्ष कळवला नाही तर माहितीच्या अधिकारात मागा.

अमेरिकेत १९८६ च्या कायद्याने यासाठी वेगळा निधी आहे, तिथे कुणाची चूक दाखवावी लागत नाही. आम्ही गेलो तेव्हा आपल्याकडे तसं काही नव्हतं. कोविड लसीच्या प्रकरणात केंद्राने २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हेच सांगितलं होतं की दिवाणी न्यायालयात जा.

तुमचा दवाखाना खासगी, तुम्ही पैसे भरलेत, म्हणजे तुम्ही ग्राहक. जिल्हा ग्राहक आयोगात जा. भरपाई कितीही मागा, जिल्ह्याचा आयोग की वरचा, हे ठरतं तुम्ही दवाखान्यात भरलेल्या पैशांवरून, त्यामुळे जिल्ह्यातच काम होतं आणि भरलेले पैसे ५ लाखांपर्यंत असले तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षं. आम्ही डिसेंबर २०२२ मध्ये, अगदी काठावर दाखल केली, तसं करू नका. (सरकारी केंद्रात फुकट लस घेतली असती तर हा रस्ता बंद असता. मग सरकारला दोन महिन्यांची नोटीस देऊन दिवाणी दावा, किंवा उच्च न्यायालयात थेट सरकारविरुद्धची रिट याचिका, जी आता सोलापूरकरांना कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढे करता येते.)

वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना आणि मुलांना तिथे उत्पन्नाची अट नाही. बहिणीला वकील तिथूनच मिळाले.

सगळ्यात अवघड गेलं ते डॉक्टरांचं मत मिळवणं. गावातल्या दोघांनी तोंडी सगळं सांगितलं, लिहून द्यायला मात्र हात आखडला. शेवटी पुण्याच्या एका मेंदूविकारतज्ज्ञांनी दोन पानं लिहून दिली. निकाल २०२५ मध्ये लागला. मागितलं त्याच्या निम्म्याहून कमी मिळालं. उपचाराचा खर्च आणि वर थोडं. त्यातूनच पोरीच्या पायाचा प्लास्टिकचा स्प्लिंट येतो, पाय वाढला की नवा घ्यावा लागतो. पहिलीत आहे ती आता. व्यायाम एक दिवस चुकवला नाही, पाय पुष्कळ सुधारलाय.

आणि एक कळकळीने सांगतो, मुलाच्या पुढच्या लसी थांबवू नका. भाचीच्या सगळ्या झाल्या. दर वेळी बहीण स्वतः मांडीवर बोट ठेवून नर्सताईंना जागा दाखवते.