कीर्तन ‘सलग’ लावायचं की ‘अखंड’?

प्रश्न अंबाजोगाईहून आला आहे. वडिलांनी हौसेने जमवलेल्या कीर्तनांच्या दहा-बारा डीव्हीडी घरात होत्या. चकत्यांवर ओरखडे पडायला लागले म्हणून मुलाने त्या जशाच्या तशा पेनड्राइव्हवर उतरवून घेतल्या आणि टीव्हीला जोडलेल्या मीडिया प्लेअरवर आईसाठी लावून दिल्या. पण कीर्तन वीस-पंचवीस मिनिटं चालतं आणि ऐन दृष्टान्तात थांबतं. मेनूत ‘कंटिन्युअस प्ले’ नावाची सोय सापडली, ती चालू केली, तरी मधे काळा पडदा येतो, बुवांचा अर्धा शब्द गिळला जातो. आता त्यांना आईसाठी एका कागदावर मराठीत सूचना लिहून टीव्हीशेजारी चिकटवायची आहे. त्यांनी विचारलंय की ‘कंटिन्युअस’ला काय लिहावं, सतत, सलग, अखंड की लागोपाठ? आणि ‘प्ले’ला वाजवणे म्हणावं की चालवणे?

प्रश्न शब्दाचा आहे, पण मला वाटतं त्यांच्या अडचणीचं मूळही त्याच शब्दात आहे. त्यांच्या प्लेअरवरचं बटण ‘लागोपाठ’चं आहे आणि आईला हवं आहे ‘सलग’. इंग्रजी मेनूत दोन्हींना एकच शब्द आहे, म्हणून बटण दाबूनही हवं ते मिळत नाही.

‘सलग’ हा शब्द मराठवाड्यात कुणाला कोशातून शिकावा लागत नाही. तो रानात उभा असतो. ‘यंदा सलग तूर घेतली’ असं कुणी म्हणालं की त्या रानात तुरीशिवाय दुसरं पीक नाही, सोयाबीनच्या मधे तुरीच्या ओळी घातलेल्या नाहीत, हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. एक सलग पीक, दुसरं आंतरपीक. शेतकऱ्याच्या बोलण्यात हीच विभागणी असते आणि परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या शिफारशींतही. ‘आठ एकर सलग आहे’ म्हणजे मधे दुसऱ्याचं रान शिरलेलं नाही. आणि पाणलोटाच्या कामात माळाच्या उतारावर एकाच पातळीने खणत नेलेल्या चराला सरकारी कागदावर ‘सलग समतल चर’ म्हणतात. इंग्रजी ‘कंटिन्युअस काँटूर ट्रेंच’चं हे मराठी नाव मला फार आवडतं. चर जिथे तुटेल तिथून पाणी वाट काढणार, म्हणून तो सलगच हवा. कामाचा सगळा मुद्दा त्या एका विशेषणात आला आहे. म्हणजे ‘कंटिन्युअस’ला सलग हा प्रतिशब्द आपण कधीच स्वीकारलाय, फक्त टीव्हीच्या रिमोटपर्यंत तो पोचलेला नाही.

शब्दाच्या पोटात ‘लग’ आहे. लगत, लगेच, लगोलग, लागून, लागणे, लग्न ही सगळी त्याच घरातली. मागे संस्कृत ‘लग्’ धातू, अर्थ चिकटणे, भिडणे. ज्याचा एक भाग पुढच्या भागाला भिडलेला आहे, मधे फट नाही, ते सलग.

आता चकतीकडे या. डीव्हीडी बाजारात आली १९९६ मध्ये, आणि तिच्यावर चित्रफीत ठेवण्याचा जो ठरलेला साचा आहे त्यात एक नियम असा की चित्र आणि आवाजाची कोणतीही एक फाइल १ जीबीपेक्षा मोठी असू नये. साध्या, एकपदरी चकतीत ४.७ जीबी मावतं. म्हणून दोन तासांचं कीर्तन चार-पाच तुकड्यांत ठेवलेलं असतं. ‘व्हिडिओ_टीएस’ नावाच्या फोल्डरात ‘व्हीटीएस_०१_१.व्हीओबी’, ‘व्हीटीएस_०१_२.व्हीओबी’ अशा नावांचे जे आहेत ते हेच तुकडे. हा काप वजनावर मारलेला असतो, मजकुरावर नाही. बुवा ओवीच्या मध्यावर असले तरी १ जीबी भरला की तिथे फाइल तुटते. एवढं भरायला नेहमीच्या दर्जाच्या चित्राला साधारण वीस-पंचवीस मिनिटं लागतात. कीर्तन नेमकं तेवढ्या वेळाने का थांबतं याचं कारण हे. शेवटी शून्य असलेली ‘व्हीटीएस_०१_०’ ही मेनूची फाइल, तिच्यात कीर्तन नसतं, आणि ती आधी निवडली गेली तर आईला काहीच लागत नाही असं वाटेल.

कुठल्या तुकड्यानंतर कुठला, प्रकरण कुठे सुरू होतं, हा सगळा हिशेब ‘आयएफओ’ नावाच्या छोट्या फायलीत असतो. ‘बीयूपी’ ही तिचीच राखीव प्रत. डीव्हीडी प्लेअर आधी आयएफओ वाचतो, म्हणून तुकडे पाच असले तरी त्याच्यासाठी कीर्तन एकच. घरगुती मीडिया प्लेअरपैकी पुष्कळ यंत्रं ती फाइल वाचतच नाहीत. त्यांना पाच सुट्या फायली दिसतात. ‘कंटिन्युअस’ चालू केलं की ते यंत्र पहिली संपवतं, मिटतं, दुसरी उघडतं, आणि तेवढ्यात अर्धा-एक सेकंद पडदा काळा. यंत्राने सांगितलेलं काम केलंय. त्याने फायली लागोपाठ लावल्यात.

‘लागोपाठ’मध्येही ‘लाग’ आहेच, पण जोडीला ‘पाठ’ आली. पाठ आली की तिथे दोघं आले, एक पुढचा आणि एक त्याच्या पाठीशी लागलेला. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हा त्या गाडीच्या खेपा लागोपाठ येत होत्या. त्यांना कुणी सलग खेपा म्हणणार नाही, कारण प्रत्येक खेप वेगळी भरायची, वेगळी आणायची, वेगळी रिकामी करायची. त्याआधीचे २०१४ आणि २०१५ हे लागोपाठचे दुष्काळ.

इथे कुणी म्हणेल, वर्तमानपत्रात ‘सलग तिसरा विजय’ छापून येतं, त्याचं काय? ‘सलग तीन दिवस सुट्टी’ बिनचूक आहे; एक दिवस संपतो तिथेच दुसरा सुरू होतो, मधे फट नाही. दोन सामन्यांच्या मधे मात्र दिवस गेलेले असतात, तिथे मी ‘लागोपाठ तिसरा विजय’ असंच लिहीन. ‘सलग तिसरा विजय’ हा वापर इतका रुळलाय की त्याला चूक म्हणत बसणार नाही. पण आपल्याजवळ दोन गोष्टींना दोन नेमके शब्द असताना त्यातला एक दुसऱ्याची जागा खाऊ लागला, की फरक दिसेनासा होतो. अंबाजोगाईच्या त्या घरात तो फरक दर वीस मिनिटांनी जाणवतोय.

उपायही याच दोन शब्दांत सांगतो: आधी सलग करा, मग लागोपाठ लावा. प्लेअर आयएफओ वाचत असेल तर सुट्या व्हीओबी न निवडता ‘व्हिडिओ_टीएस’चा अख्खा फोल्डर उघडून बघा, संगणकावर व्हीएलसी या चित्रफिती लावायच्या प्रोग्राममध्ये असा फोल्डर थेट उघडता येतो. नसेल वाचत, तर प्रत्येक डीव्हीडीची एकच फाइल करून घ्या. ‘मेकएमकेव्ही’सारखा प्रोग्राम तुकडे जोडून एमकेव्ही फाइल देतो, आणि तसं करताना चित्र पुन्हा दाबून लहान करत नाही, म्हणून दर्जा होता तसा राहतो. एक काळजी घ्या. पेनड्राइव्ह जुन्या एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, आणि भरलेल्या डीव्हीडीची जोडलेली फाइल त्याहून मोठी होऊ शकते. तुमचा प्लेअर एक्सएफएटी किंवा एनटीएफएस या दुसऱ्या पद्धतींनी फॉरमॅट केलेला पेनड्राइव्ह वाचतो का, ते आधी पाहून घ्या. मग नावं देताना ‘०१’, ‘०२’ अशी दोन अंकी द्या. नुसतं १, २ लिहिलं तर काही यंत्रं १ नंतर थेट १० लावतात. एवढं झालं की त्या ‘कंटिन्युअस’ बटणाला खरं काम मिळतं. एक कीर्तन सलग चालतं, आणि ते संपल्यावर दुसरं लागोपाठ लागतं.

‘अखंड’ मात्र मी त्या कागदावर लिहिणार नाही. शब्द सुंदर आहे, पण त्याचं माप मोठं आहे. खंड म्हणजे काय हे आपल्याकडे पावसाने शिकवलंय. ऑगस्ट २०२३ मध्ये मराठवाड्याच्या कितीतरी महसूल मंडळांत पावसाचा २१ दिवसांहून मोठा खंड पडला, तेव्हा प्रत्येक पारावर हाच शब्द होता. खंड वेळेत पडतो. तो पडला नाही तर अखंड. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात सात दिवस वीणा खाली ठेवत नाहीत. पहारा बदलतो, एकाच्या गळ्यातली वीणा दुसऱ्याच्या गळ्यात जाते, पण ती जमिनीला टेकत नाही आणि नाम थांबत नाही. म्हणजे माणसं लागोपाठ, वीणा अखंड. एकाच प्रसंगात दोन्ही शब्द आपापल्या जागी असे बसलेले मी दुसरीकडे कुठे पाहिले नाहीत. दुपारी दोन तास टीव्ही बघायचा आहे, तिथे अखंड लिहिलं तर आईंना दिवसरात्र चालू ठेवायचं आहे असं वाटेल.

‘सतत’ आणि ‘संतत’ हे मूळचे एकच, सम् आणि तत मिळून झालेले. तत म्हणजे ताणलेलं, पसरलेलं. म्हणून पावसाची धार ‘संततधार’. पण आजच्या बोलण्यात ‘सतत’ला वैतागाचा वास लागलाय. ‘सतत टीव्ही लावून बसतोस’ हे मुलाला रागावताना म्हणतात. शिवाय सततमध्ये खंडही चालतो, ‘सतत फोन करतो’ म्हणजे पुन्हा पुन्हा करतो. सूचनेत नको.

आणखी एक बटण असतं, ‘रिपीट’. शेवटचं कीर्तन संपलं की परत पहिल्यापासून. त्याला लोक ‘सतत’ किंवा ‘चक्र’ लिहितात. आपल्याकडे ‘आवर्तन’ आहे. तबल्याचं आवर्तन आहे, अथर्वशीर्षाची एकवीस आवर्तनं आहेत, आणि जायकवाडीच्या कालव्याला रब्बीत पाणी सुटतं तेही आवर्तनच. शेतकरी त्याला पाण्याची पाळी म्हणतो. फिरून त्याच ठिकाणी येणं हा अर्थ तिन्हीकडे सारखा आहे. घरच्या कागदावर ‘पुन्हा पहिल्यापासून’ पुरे, पण कुणी मराठी मेनू तयार करणार असेल तर त्याने ‘आवर्तन’ जरूर वापरावं.

राहिला ‘प्ले’. वाजवणे वाद्याचं किंवा फार तर गाण्याचं. चालवणे गाडीचं, यंत्राचं. कीर्तन आपण लावतो, आणि ते लागतं. रेडिओ लागतो, दिवा लागतो, टॉकीजला सिनेमा लागतो, आषाढात झड लागते. कुणी केलं तर लावणे, आपसूक झालं तर लागणे, अशी ही जोडी आहे, आणि ‘आपोआप’ ही कल्पना इंग्रजी मेनूला वेगळी सांगावी लागते ती ‘लागणे’त निम्मी आधीच आलेली आहे. तीही ‘लग’च्याच घरातली.

म्हणून आईसाठी मी असं लिहीन: ‘पहिलं कीर्तन लावा. ते सलग चालेल. संपलं की पुढचं लागेल.’ यात कंटिन्युअस नाही आणि प्ले नाही. ‘लागोपाठ’ही लिहायची गरज उरली नाही, ‘संपलं की पुढचं लागेल’ यात ते आलं.

आणि एक सुचवतो. अंबाजोगाई, लातूर, परभणी, नांदेड या पट्ट्यात आपण ‘कीर्तन चालू आहे’ असं फारसं बोलत नाही; ‘कीर्तन चालायलंय’, ‘पाऊस पडायलाय’ म्हणतो. क्रिया या क्षणी होते आहे आणि अजून थांबलेली नाही, हे त्या एका रूपात येतं. कागद घरच्या माणसासाठी आहे. तेव्हा खाली ‘कीर्तन चालायलंय तोवर रिमोटला हात लावायचं काम नाही’ असं लिहिलंत, तर मी त्यातलं एक अक्षरही बदलणार नाही.